पाठपोट

नऱ्ह्यात, इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटासमोर माझं दुकान.
झेरॉक्स, स्पायरल, लॅमिनेशन,
आणि जून उजाडला की कर्जाची फाईल,
बटणवाली, बारा रुपये.

आईबाप येतात. अकलूजचा एसटी कंडक्टर,
औशाहून आलेली, ब्लाउज शिवणारी बाई.
पिशवीतल्या पिशवीतून कागद काढतात
आणि ठेवण्याआधी काउंटर पुसून घेतात.

यादी मला पाठ. बँकेतल्या मॅडमलाही नसेल इतकी.
फीचं पत्रक, बोनाफाईड, दहावी-बारावी,
उत्पन्नाचा दाखला, सहा महिन्यांचं पासबुक
(शेवटचं पान कोरं असलं तरी घ्या, मागतात),
मधे वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट.
का गेलं, मी विचारत नाही.
मशीन गरम होईपर्यंत तेच सांगतात.

"पाठपोट काढा ना, कागद वाचेल."
"बँक घेत नाही. एकाच बाजूला."
दिवसातून चाळीसदा.

मागच्या वर्षी तेजलची यादी आली.

शटर अर्धं ओढून मीच बसलो काढायला.
काचेखालून उजेड सरकत गेला
माझ्या नावावरून, जन्मतारखेवरून,
एक लाख बहात्तर हजारांवरून.
शिष्यवृत्तीला बाप गरीब लागतो,
कर्जाला ऐपतदार.
एकाच आठवड्यात मी दोन्ही झालो.
सही तीच केली.

जामीनदार म्हणून मेहुणा धरला होता.
तीन दिवस तो रेंजमध्ये नव्हता.
भोरला रेंज असते.
शेवटी लतीफभाई, ड्रम बदलायला आलेले,
स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले,
कुठे करायची ते दाखवा.
आधी घरी विचारा, मी म्हणालो.
विचारलंय, म्हणाले. रविवारीच.
सही झाली, आणि तिच्या शेजारी
टोनरचा काळा अंगठा, कुणी न मागितलेला.

धायरी फाट्याच्या शाखेत मॅडमनी पानं चाळली.
थांबल्या. एक पान उलटं धरलं, उजेडाकडे.
"हे पाठपोट आहे. चालणार नाही."

मी. सतरा वर्षं दुकान.
डोक्यात रोहिणीच्या पोळ्यांचा हिशेब चालू होता,
होस्टेलचे नऊ डबे वाढवले तर महिन्याला किती,
आणि हात आपणहून पान उलटत गेला होता.
पाठीला पोट चिकटलेलं,
एका बाजूचे आकडे दुसऱ्या बाजूला फिकट दिसणारे.
परत आलो, पुन्हा काढलं.
अर्जाच्या तिन्ही प्रतींवर
लतीफभाईंचा अंगठा जसाच्या तसा.

साडेसहा लाख मंजूर.
पेढे आणायचे राहिले. डबे नऊ नाही, अकरा वाढले;
पहाटे चारला लाटण्याचा आवाज येतो, मी झोपल्यासारखा पडून राहतो.
हप्ता शिक्षण संपल्यावर, वर्षभरानं.
व्याज मात्र मंजुरीच्या रात्रीच उठून बसलं,
त्याला झोप नाही, सुट्टी नाही, एटीकेटी नाही.

यंदाचा जून. लेक्चर संपवून तेजल काउंटरला,
मी आत, पुठ्ठ्यांच्या आडोशाला, डबा उघडून.
कुर्डुवाडीचे कुणी गृहस्थ विचारत होते,
"हप्ता किती बसेल गं, साधारण?"
"किती घेताय?"
"साडेसहा म्हणतोय."
कॅलक्युलेटरचं बटण वाजलं नाही.
"अकरा हजार चारशे बारा," ती म्हणाली. "दहा वर्षं."

तो आकडा मी घरात कधी उच्चारला नव्हता.
रोहिणीपाशीसुद्धा नाही.

घास हातातच राहिला.
बाहेर मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज,
आणि तिचा, माझ्याच सुरात:
"काका, पाठपोट नको हं.
एकाच बाजूला काढते."